बावीसचं काडतूस आणि उजवा खांदा

माझ्या नवऱ्याने आयुष्यात झुरळसुद्धा चपलेने मारलेलं नाही. तो त्याला कागदावर घेतो, दार उघडून जिन्यात सोडतो आणि वर "जा बाबा" म्हणतो. असा माणूस एका शुक्रवारी गाडी चालवता चालवता फोनवर कोणाला तरी विचारत होता, "उंदरांना बावीस लाँग पुरेल ना? की मॅग्नमच घ्यावं?" माझ्या मनात पाल चुकचुकली.

"बावीस काय?" फोन झाल्यावर मी विचारलं.

"काही नाही गं, साइटवरचं."

साइटवरचं बोलणं मी चांगलं ओळखते. तो तेव्हा एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनियर होता आणि पंप बिघडला की अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचा. हे बोलणं त्याने आवाज उतरवून केलं होतं आणि मध्येच आरशातून मागे बसलेल्या मुलीकडे बघून घेतलं होतं. मुलगी कानात हेडफोन घालून आपल्याच जगात होती. मी बावीस हा आकडा डोक्यात ठेवला.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी कोणापासून लपवत नाही. माझे वडील फौजदार होते. डब्यातला लाडू कमी झाला तर ते कोणाला काही विचारायचे नाहीत, आधी सगळ्यांचे हात हुंगायचे. त्यात मी शिकले फिजिओथेरपी, म्हणजे आगीत तेलच. इथे बहरीनमध्ये सलमानियाजवळ ज्या क्लिनिकमध्ये मी काम करते तिथे दिवसभर माणसं मला फसवायला बघतात. हात वर करा म्हटलं की हात जातो कानापर्यंत, पण त्यासाठी कंबर वाकलेली असते आणि खांदा मानेत घुसलेला असतो. आम्ही तिथे त्याला सरळ लबाडी म्हणतो. त्यामुळे मी पेशंटच्या हाताकडे बघतच नाही, मानेकडे बघते.

त्या वर्षी घरातही एक पेशंट होता. नवऱ्याचा उजवा खांदा आखडला होता. शर्ट घालताना तो कळवळायचा, केस डाव्या हाताने विंचरायचा. रोज संध्याकाळी मी त्याला भिंतीशी उभा करायचे आणि बोटं मुंगीसारखी वर वर चालवायला लावायचे. तो टाळायचा. कधी फोन यायचा, कधी पोट भरलेलं असायचं, कधी बातम्या महत्त्वाच्या असायच्या. मी आरडाओरडा करायचे तेव्हा कुठे बोटं चार इंच वर सरकायची.

पुढच्या शुक्रवारी आम्ही अदलियातल्या एका हॉटेलात जेवायला गेलो, तेव्हा फोनवरचा माणूस समोर येऊन बसला. हा नवऱ्याचा गाववाला. दाभोळच्या खाडीपलीकडचा कोकणी मुसलमान, नवऱ्याच्या आधीपासून बहरीनमध्ये, हमद टाउनला त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. आम्ही त्याला भाई म्हणतो. त्याचे आजोबा नावाजलेले शिकारी होते, आणि भाईला बंदुकीतलं जितकं कळतं तितकं गाडीतलंही कळत नसावं अशी मला शंका आहे. मासे येईपर्यंत दोघं काडतुसांवर घसरले. लाँग म्हणजे काय, मॅग्नम म्हणजे काय, गोळीच्या टोकाला खळगा असलेली घ्यावी की गोल टोकाची.

"बंदूक कशाला हवीय तुला?" मी विचारलं. मोठ्याने विचारलं असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी जेवता जेवता मान वळवली. अरबीतही बंदुकीला जवळपास बंदूकच म्हणतात हे मला तेव्हा आठवलं. बाकीचं मराठी त्यांच्यासाठी नुसता गोंगाट, आणि त्यात नेमका हाच एक शब्द स्वच्छ. परक्या मुलुखात राहायचं, रेसिडेन्सच्या कार्डावर जगायचं आणि भर हॉटेलात काडतुसं निवडत बसायचं!

"आजपासून हा शब्द बंद," मी दात आवळून म्हटलं. "छत्री म्हणा. आणि त्या दुसऱ्याला काजू."

"बरं भाभी," भाई हसून म्हणाला. "बारीक काजू की जाडा काजू, एवढाच सवाल हाय."

मग नवऱ्याने खुलासा केला. गुहागर तालुक्यात त्यांची आंब्या-नारळाची बाग आहे. माकडं आणि डुकरं धुमाकूळ घालतात, माडावर उंदीर चढून कोवळी फळं पोखरतात, खाली घुशी मुळं उकरतात. सासऱ्यांच्या नावावर पीक राखायच्या परवान्याची जुनी बाराबोर होती. सासरे गेले तेव्हा ती पोलीस ठाण्यात जमा झाली. आता धाकटे भावजी स्वतःच्या नावाने परवाना काढणार आहेत, आणि जुनी नको, बावीसची हलकी रायफल घ्यावी असं त्यांच्या मनात आहे. माकडाला कोणी मारणार नाही, ते कायद्यातही बसत नाही आणि गावच्या देवालाही चालायचं नाही. डुकराला फॉरेस्टची परवानगी लागते. तेव्हा मुख्य प्रश्न उंदीर-घुशींचा. "त्याने मला फक्त विचारलंय, कुठलं काडतूस बरं," नवरा म्हणाला.

खुलासा छान होता. फारच छान होता. वडील म्हणायचे, खरं बोलणारा माणूस मध्ये कुठेतरी अडखळतो. हा कुठेच अडखळला नव्हता.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. काय शोधत होते ते मलाही माहीत नव्हतं. आधी वाटलं, दुसरी कोणी बाई असेल. पण बाईच्या नादाला लागलेला माणूस घुशींबद्दल एवढं वाचत नाही. मग वाटलं, भाईने त्याला कसल्या तरी उलाढालीत ओढलंय. भाईचं दुकान, येणारी-जाणारी खोकी, सगळ्याचा मी मनातल्या मनात पंचनामा केला. बिचाऱ्या भाईला मी त्या दिवसांत चहाही जरा पातळच दिला. मग एक दिवस गाडीच्या डिकीत मला गमबूट सापडले. नवेकोरे, गुडघ्यापर्यंतचे, हिरवे. बहरीनमध्ये गमबूट! इथे पाऊस पडला तर लोक ऑफिसातून खिडकीशी येऊन फोटो काढतात.

"साइटला लागतात," तो म्हणाला.

"साइटला पिवळे सेफ्टी शूज लागतात. ते तुला कंपनी देते."

"टँक धुताना लागतात."

या सगळ्यापेक्षा मला खटकली ती वेगळीच गोष्ट. एका संध्याकाळी मी क्लिनिकमधून आले तर हा भिंतीशी उभा. कोणी सांगितलेलं नाही, ओरडलेलं नाही, आपणहून बोटं वर चालवतोय, डोळ्यांत पाणी आलंय तरी चालवतोय. दुसऱ्या दिवशीही तेच. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत बोलणी खाल्ल्याशिवाय व्यायाम करणारे पेशंट दोनच प्रकारचे भेटले. एक, ज्यांच्या घरी लग्न आहे. दोन, ज्यांना कुठेतरी जायचंय.

मुलीला मी स्वयंपाकघरात गाठलं. "बाबांचं काय चाललंय, तुला माहीत आहे?"

"आई, जस्ट आस्क हिम," ती फ्रिजमध्ये डोकं घालून म्हणाली.

"विचारून कोणी खरं सांगतं का?"

तिने फ्रिजमधून डोकं बाहेर काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच कोणी अडाणी आहे. तिलाही काहीतरी माहीत होतं. म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांनाच माहीत होतं, अशी माझी खात्री झाली. मला भयंकर राग आला, आणि रागाच्या आत भीतीही होती. ती त्या दिवशी मी कोणाला दाखवली नाही.

शनिवारी नवरा ड्युटीवर होता. मी टॅक्सी केली आणि हमद टाउन गाठलं. भाईचं दुकान एका दुवाराच्या तोंडाशी आहे. दुवार म्हणजे इथला गोल चौक; हमद टाउनमध्ये पत्ते सगळे दुवारांवरूनच सांगतात. भाई मला बघून दचकला. त्याने खुर्ची पुसली, पोऱ्याला हाक मारून करक चहा मागवला. मी म्हटलं, चहा राहू दे. काजूचं सांगा.

"काय सांगू भाभी," भाई वैतागून म्हणाला. एकदा विषय निघाल्यावर त्याला थांबवणं कठीण. "मी त्याला बोललो, बावीस नको घेऊ. बाग डोंगरउतारावर, खाली वाडी हाय. ती गोळी दिसते बारीक, पण मैलभर जाते. चुकून जांभ्यावर आपटली तर कुठं उडेल सांगता येत नाय. त्यापेक्षा बापाची बाराबोर साफ कर, बारीक छर्रा भर. छर्रा लांब जात नाय, माडाखालून मारला तर उंदीर पडतो, माणसाला भीती नाय. माकडांना नुसता आवाज पुरतो, आणि आवाज बाराबोरचाच. बावीसचा आवाज म्हणजे फटाकडी पण नाय. डुकराची परवानगी मिळाली तरी बावीस काय कामाची? डुक्कर चिडेल फक्त. सगळ्या बाजूंनी बाराबोर! पण तो ऐकतच नाय."

"का ऐकत नाही?"

"एकच धरून बसलाय. धक्का बसतो, धक्का बसतो. अरे, बार उडाला की दस्ता खांद्यात ठोकणारच. त्याला किती, एका धक्क्याने काय होतं माणसाला?"

मी भाईचे आभार मानले आणि उठले. चहा आला होता, तो तसाच राहिला. टॅक्सीत बसले, ड्रायव्हरने विचारलं कुठे, आणि मी नुसताच पुढे हात केला. त्याने गाडी काढली आणि दुवाराला एक पूर्ण चक्कर मारून पुन्हा विचारलं.

भावजी रोज आंब्याच्या पेट्या खांद्यावरून उतरवतात. जांभ्याचे चिरे वाहून त्यांनी स्वतः बागेचा गडगा घातलाय. त्यांच्या खांद्याला एका बाराबोरचा कसला धक्का? काडतूस निवडतात ते जनावर बघून, जागा बघून. हा माणूस इतके दिवस खांदा बघून निवडत होता. आणि अख्ख्या घराण्यात दुखरा खांदा एकच होता, त्याला मी रोज संध्याकाळी तेल लावत होते.

परवाना भावजींचा नव्हता. बहरीनमध्ये बसून कोणी गुहागरची बाग राखत नाही. गमबूट, भिंत, बावीस, सगळं जिथल्या तिथे बसलं. माझा नवरा मला न सांगता घरी परत चालला होता.

त्या संध्याकाळी तो भिंतीशी उभा राहिला तेव्हा मी त्याचा हात धरला. मनगट आणि कोपर धरून हळूहळू वर नेला, दुखायला लागतं तिथपर्यंत, आणि तिथेच थांबवला.

"भावजींचा खांदा दुखतो का रे?" मी विचारलं.

तो पाठमोरा होता, पण मला त्याची मान दिसत होती. मान खोटं बोलत नाही.

"दुखत नाही ना? मग बावीस कोणासाठी?"

"सोड ना हात."

"नाही सोडत."

मग तो भिंतीकडे बघतच बोलला. बाबा गेले तेव्हा चार दिवसांची रजा काढून गेला होता, तेव्हापासून इथे मन लागत नाही. भावजींना एकट्याने होत नाही, त्यांनी तसं सांगितलंही आहे. परवान्यासाठी अर्ज त्याच्या स्वतःच्या नावाने तयार आहे, आणि राजीनामा त्याने आठवड्यापूर्वी दिला आहे.

"आणि मी?"

"तुझं इथे चांगलं चाललंय. मुलीची बारावी आहे. तू येणार नाहीस हे मी धरूनच चाललो होतो."

हात मी सोडून दिला. तो कळवळला, आणि मला बरं वाटलं. तुम्हाला हे वाचून मी दुष्ट वाटले तरी चालेल, मला त्या क्षणी बरं वाटलं. महिनाभर मी बाई, स्मगलिंग, आजार, काय काय म्हणून संशय घेतला. हा माणूस मला काही विचारणारच नाही, माझ्या वतीने माझं उत्तर स्वतःच देऊन मोकळा होईल, हा एकच संशय मला आला नव्हता.

"विचारलं का नाहीस?"

"नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते! हजारदा म्हणाले असते. पण विचारायचं तरी होतंस."

आणि गंमत म्हणजे, त्यानंतरही त्याने विचारलं नाही. भांडण झालं, अबोला झाला, अबोला संपला, माझ्या व्हिसावर मुलीला घेण्याचे कागद झाले, विमानतळावर भाई गळ्यात पडून रडला, मुलगी रडली. मी नाही रडले. मी व्यायामाच्या सूचना दिल्या. रोज भिंत, रोज शेक, जड उचलायचं नाही. तो नीट ऐकत होता, मान डोलवत होता, आणि ज्या एका वाक्याची मी वाट बघत होते ते सोडून बाकी सगळं बोलून आत गेला.

गमबूट तो विसरला. ते अजून डिकीत होते.

मग फोनवरचा संसार सुरू झाला. मी रोज विचारायचे, व्यायाम केलास का, आणि तो रोज हो म्हणायचा. माझा विश्वास नव्हता. परवान्याचं काय, विचारलं की म्हणायचा, वर पाठवलाय. वर म्हणजे कुठे ते त्यालाही माहीत नव्हतं. पोलीस पाटलाचा दाखला झाला, तलाठ्याचा झाला, मग साहेब बदलले, मग निवडणूक आली आणि ज्यांच्याकडे बंदुका होत्या त्यांच्याही जमा करून घेतल्या. इकडे भाई दर शुक्रवारी विचारायचा, "काजू घेतला काय?" आणि मी म्हणायचे, "इंशाल्ला, भाई."

बागेत माकडं येतच होती. मग राखण करतोस कशाने, असं मी एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, चाललंय काहीतरी. या "काहीतरी"वर मी डोळे ठेवून होते.

परवा दुपारी दोन पेशंटांच्या मध्ये त्याचा व्हिडिओ कॉल आला. फोन त्याने गडग्यावर टेकवून ठेवलेला, मागे आंब्याची झाडं, हा दूर उभा. अंगात मळका बनियन, काळवंडलेला, बारीक झालेला. हातात गोफण होती. दोरीची साधी गोफण, भावजींनी वळून दिलेली.

"बघतेस ना?" तो ओरडला.

त्याने खोबणीत दगड ठेवला आणि हात वर घेतला. उजवा हात. डोक्याच्या वर, सरळ, आणि गोफण फिरायला लागली. एक वेढा, दुसरा, तिसरा, मग दोरीचं एक टोक सुटलं, दगड झाडांवरून गेला आणि पलीकडे फांद्यांत माकडांची एकच पळापळ झाली.

"परत कर," मी म्हटलं. "बनियन काढ आणि परत कर. पाठ माझ्याकडे."

त्याने बनियन काढला. मी त्याची मान बघितली, पाठ बघितली, कंबर बघितली. खांदा मानेत घुसत नव्हता. कंबर वाकत नव्हती. ज्या हाताने त्याला कंगवा धरता येत नव्हता तो हात डोक्यावर गरगर फिरत होता. मी लबाडी शोधत होते, आणि लबाडी कुठेच नव्हती. आखडलेला खांदा काळाने आपणहूनही सुटतो, हे मी पेशंटांना नेहमी सांगते. तेव्हा गोफणीला मी सगळं श्रेय देणार नाही. पण माझी भिंत हरली हे खरं, आणि मला आनंद झाला, संताप आला, आणि तो इतक्या लांब बरा झाला म्हणून फार वाईट वाटलं.

तो फोनजवळ आला. धापा टाकत होता. घाम पुसला, इकडे तिकडे बघितलं, काहीतरी बोलायला गेला आणि अडखळला.

"येतेस का?" तो म्हणाला. "म्हणजे... सुट्टीला नाही. राहायला. येशील का?"

बाहेर रिसेप्शनवरची मुलगी पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होती. मी रबरी पट्ट्यांच्या कपाटाकडे तोंड करून उभी राहिले.

"परवाना आला का?"

"नाही अजून."

"आला की बाराबोरच घ्यायची. बावीसला आता काही कारण उरलेलं नाही."

हे उत्तर नाही, हे त्यालाही कळत होतं. पण या वेळी त्याने स्वतःच उत्तर धरून टाकलं नाही. तो थांबला. माझ्याकडे बघत, गोफण हाताला गुंडाळत, नुसता थांबला.

"तिची बारावी होऊ दे," मी म्हटलं. "येताना तुझे गमबूट आणते."